घोड्याची चंदी आणि प्रथिनांचा डबा

तुळशीविवाह आटोपला की लग्नसराईस प्रारंभ होतो आणि मीरा रोड, भाईंदर, काशीमिरा या आपल्या परिसरातील औषधविक्रेत्यांकडे एक निराळे गिऱ्हाईक येऊ लागते. वरातीसाठी घोड्या बाळगणारी ही मंडळी. पूर्वी त्यांची मागणी बत्तीसा चूर्ण, ओवा, काळे मीठ, फार तर मेथीची पूड एवढ्यापुरती असे. अलीकडे मात्र ते व्यायामशाळेतील तरुण घेतात तो प्रथिनांचा डबा मागतात, अथवा 'अमायनो' असे ठळक छापलेली बाटली मागतात. पंधरा दिवसांत घोडीची पाठ भरून आली पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. औषधालयचालक बंधू अशा वेळी शेजारच्या वैद्याकडे पाहतात. विषय वरकरणी किरकोळ वाटतो; परंतु त्यात एका मुक्या जनावराचे आरोग्य, एका गरीब व्यावसायिकाचा पैसा आणि आपल्या शास्त्राचे नाव या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून त्याविषयी माझे मत सविस्तर मांडीत आहे.

माझे मत असे की, तो डबा देऊ नये. मात्र 'देत नाही' एवढे सांगून गिऱ्हाइकाला वाटेला लावणेही उचित नव्हे, कारण घोडीची उपासमार खरी असते. डबा नाकारला म्हणून ती भरून निघत नाही.

आपल्या महानगरपालिकेच्या हद्दीत घोडबंदर आहे. पोर्तुगीज अमदानीत येथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरूनच हे नाव पडले असे सांगतात. आज त्या खाडीकाठी घोड्यांचा बाजार नाही. मुंबईतील व्हिक्टोरियांविषयी उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये निर्णय दिल्यानंतर सहलीच्या घोडागाड्याही बंद झाल्या. उरली ती वरातीची घोडी. वर्षातील काही महिने ती रात्री-अपरात्री वाद्यांच्या कल्लोळात उभी असते आणि उरलेले महिने एखाद्या पत्र्याच्या आडोशाला बांधलेली असते. मोतद्दार म्हणून तिची देखभाल करणारा माणूसही बहुधा परगावचा, हातावर पोट असलेला. शर्यतीच्या घोड्यामागे प्रशिक्षक, पशुवैद्य आणि आहारतज्ज्ञ असतात. हिच्यामागे तो मोतद्दार आणि कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान एवढेच असते.

आता मुळात मालकाला दिसते काय, ते पाहू. त्याला फासळ्या दिसतात. फासळ्या दिसल्या की तो म्हणतो, अंगावर मांस नाही, आणि मांसासाठी प्रथिने हवीत हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. येथेच पहिली गफलत होते. घोड्याच्या फासळ्यांवर जे आवरण चढते ते प्रामुख्याने मेदाचे असते. मांसधातूचा क्षय पाहावयाचा तर पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, पुठ्ठ्यावर आणि मानेच्या वरच्या कडेला पाहावा लागतो. फासळ्या उघड्या पडणे हे बहुतेक वेळा एकूण अन्नच अपुरे पडत असल्याचे लक्षण असते, आणि तेथे प्रथिनांचा चमचा काहीही करू शकत नाही. मेद आणि मांस यांतील भेद आपल्या विद्यार्थ्यांस पहिल्या वर्षीच शिकवला जातो. घोडीपुढे उभे राहिल्यावर तो विसरण्याचे कारण नाही.

खरोखरच मांसक्षय असेल, तर प्रथिनांचा विचार करावाच लागतो. पण तो करताना 'प्रथिने किती' याबरोबरच 'कोणती' हेही विचारावे लागते. प्रथिने ही अमायनो आम्लांपासून बनतात व त्यांतील काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंना हे एका उदाहरणाने चटकन कळेल. कोठारात हिरडा १० किलो, आवळा १० किलो आणि बेहडा केवळ २ किलो असेल, तर समभाग त्रिफळा ६ किलोच होईल. उरलेल्या हिरड्या-आवळ्याने त्रिफळा वाढत नाही. घोड्याच्या आहारात लायसिन नावाचे अमायनो आम्ल या बेहड्याच्या जागी असते. त्याच्या पाठोपाठ बहुधा थ्रिओनिनचा क्रम लागतो. फरक इतकाच की, आपल्या कोठारात उरलेला हिरडा पुढच्या घाण्याला उपयोगी पडतो. शरीर मात्र उरलेली अमायनो आम्ले साठवून ठेवीत नाही. ती मोडून ऊर्जेसाठी वापरली जातात आणि त्यांतील नत्र युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर टाकला जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये घोड्यांच्या पोषणाची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, ती आजही सर्वत्र आधारभूत मानली जातात. त्यांनुसार ५०० किलो वजनाच्या प्रौढ घोड्यास विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला सुमारे ६३० ग्रॅम प्रथिने व २७ ग्रॅम लायसिन लागते. हलके काम असेल तर सुमारे ७०० ग्रॅम व ३० ग्रॅम. व्यालेल्या घोडीला पहिल्या महिन्यात हीच गरज १५०० ग्रॅमच्या वर व लायसिन ८५ ग्रॅमच्या जवळपास जाते. आपली वरातीची घोडी ३५० किलोची धरू आणि तिचे काम हलके समजू. तर तिला दिवसाला ४९० ग्रॅमच्या आसपास प्रथिने व २१ ग्रॅम लायसिन पुरे होते.

तिला मिळते काय? ठाणे-पालघरकडून येणारे वाळलेले गवत. फुलोरा येऊन गेल्यावर कापलेल्या या गवतात प्रथिने चार टक्क्यांच्या आगेमागे असतात. घोड्याने दिवसाला आपल्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा खावा असा दंडक आहे. म्हणजे हिला ७ किलोपर्यंत गवत हवे. ते पूर्ण मिळाले तर त्यातून २८० ग्रॅम प्रथिने येतील. उणीव राहिली सुमारे २१० ग्रॅमची.

ही उणीव डब्याने भरावयाची म्हटली तर काय होते पाहा. व्हे प्रथिनाच्या ३० ग्रॅमच्या एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. २१० ग्रॅमसाठी रोज जवळपास नऊ मापे लागतील व किलोभराचा डबा चार दिवसही पुरणार नाही. मालक अर्थातच नऊ मापे देत नाही. तो एक माप देतो आणि समाधान पावतो. या एका मापातील प्रथिने किती, तर सव्वाशे ग्रॅम हरभऱ्यात असतात तेवढी. डब्याची किंमत दीड-दोन हजारांच्या पुढे आणि तितकीच प्रथिने देणारा चार किलो हरभरा त्याच्या एका लहान अंशात मिळतो. हरभऱ्यात प्रथिने सुमारे २० टक्के आणि किलोमागे लायसिन १३ ग्रॅमच्या आसपास असते. गहू, मका, जव यांत ते किलोमागे तीन-चार ग्रॅमच्या घरात घुटमळते. आपल्याकडे घोड्याच्या तोबऱ्यात हरभराच का पडत आला, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. त्या दाण्याला मराठीत 'चंदी' असा स्वतंत्र शब्द आहे. लायसिनचे नाव ठाऊक नसताना ज्यांनी तो निवडला, त्यांचे निरीक्षण किती बारीक असले पाहिजे!

वाळक्या गवतातील प्रथिने पूर्णपणे पचत नाहीत, म्हणून हिशेबाने एक किलो येणारी चंदी सव्वा ते दीड किलो धरावी. ती भरडून अथवा भिजवून द्यावी, दिवसात दोन-तीन वेळा विभागून द्यावी आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू त्या प्रमाणावर न्यावी. एकदम वाढवल्यास पोटशूळ ठरलेला, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे तो पुन्हा घाई करीत नाही. हिरवी लसूणघास मिळाली तर उत्तमच. गव्हाच्या कोंड्यावर अनेकांची भिस्त असते. कोंड्यात प्रथिने बरी असली तरी स्फुरद फार व चुना कमी असतो; महिनोन्‌महिने मुख्य खाद्य म्हणून कोंडाच दिल्यास हाडे ठिसूळ होतात व चेहऱ्याची हाडे सुजल्यासारखी दिसू लागतात. शेंगदाण्याच्या पेंडीत लायसिन कमी आणि बुरशीची भीती अधिक. सोयाबीनची पेंड मात्र या दृष्टीने चांगली.

एक धोका विशेषत्वाने सांगितला पाहिजे. घोडा म्हणजे गाय नव्हे. गाईच्या पोटातील सूक्ष्म जंतू प्रथिने तयार करतात व ती पुढे आतड्यात पचून तिला मिळतात. घोड्यात हे जंतू आतड्याच्या मागील भागात असतात व तेथे बनलेली प्रथिने त्याला जवळजवळ उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे युरिया मिसळलेले दुभत्या जनावरांचे खाद्य घोड्याला देण्यात काही अर्थ नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, कोंबड्यांच्या व काही वेळा गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे द्रव्य घातलेले असते आणि ते घोड्याला अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. 'प्रथिने जास्त आहेत' म्हणून कोंबडीखाद्य चारणारे लोक आहेत. आपल्या दुकानात असे कोणी बोलला तर त्याला तेथल्या तेथे थांबवावे.

अतिरेकाचेही असेच. गरजेपेक्षा जादा प्रथिने दिली की घोडी पाणी अधिक पिते, मूत्र अधिक करते आणि बंदिस्त तबेल्यात अमोनियाचा उग्र दर्प साचतो. तो श्वासमार्गाला बाधक असतो. भाईंदरच्या दमट हवेत, खाली ओली जमीन आणि वर पत्रा अशा जागेत बांधलेल्या घोडीला खोकला लागतो, आणि मग तिचा मालक खोकल्याचे औषध मागावयास पुन्हा आपल्याच दारात येतो.

पूरक अमायनो आम्लांना मुळीच स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. ग्रॅहॅम-थिअर्स व क्रॉनफेल्ड यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांतील घोड्यांना रोज २० ग्रॅम लायसिन व १५ ग्रॅम थ्रिओनिन १४ आठवडे दिले असता मांसवृद्धीस साहाय्य झाल्याचे दिसले. वाढते शिंगरू, दूध पाजणारी घोडी, दात झिजलेला म्हातारा घोडा यांच्या बाबतीत पशुवैद्याने असे पूरक सांगितले तर ते रास्त आहे. मात्र तेथे मात्रा १४ आठवड्यांची होती, पंधरा दिवसांची नव्हती, आणि दिलेली द्रव्ये उणीव असलेली नेमकी दोन होती. तरुणांत लोकप्रिय असलेल्या शाखायुक्त अमायनो आम्लांचा घोड्यांत तसा ठाम लाभ दिसून आलेला नाही.

आपल्यातील काही विद्वान मित्रांचे म्हणणे निराळे आहे. सामान्याने वृद्धी होते हा आपला सिद्धांत आहे, मांसाला मांससमान द्रव्य द्यावे, मग प्रथिनाच्या डब्याला विरोध कशासाठी, असे ते विचारतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या अध्यायात घोड्याच्या आहारात पन्नास पल मांस सांगितले आहे, याकडेही ते बोट दाखवतात. संदर्भ खरा आहे, पण अर्धा आहे. त्याच ठिकाणी भात, जव, प्रियंगु ही धान्ये किंवा मूग व उडीद अर्धे शिजवून देण्यास सांगितले आहे, स्नेह आहे, मीठ आहे, पिंड भिजवण्यासाठी मांसरस वा दही आहे. युद्धाने, व्याधीने अथवा वार्धक्याने क्षीण झालेल्या घोड्यांच्या पोषणाचीही तेथे स्वतंत्र तजवीज आहे. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, घोड्यांच्या चिकित्सकाचे काम सांगताना त्याने शरीराचा ऱ्हास व वृद्धी या दोहोंवर उपाय करावेत आणि ऋतूनुसार आहार ठरवावा, असे म्हटले आहे. वृद्धीवरही उपाय! वाढवणे म्हणजेच चिकित्सा, असे त्या ग्रंथकाराला वाटत नव्हते. सामान्य सिद्धांत लावावयाचा तर अग्नी आणि सात्म्य यांना बाजूला सारून तो लावता येत नाही. गवत खाऊन जगणाऱ्या प्राण्याला आज कोणी मांस घालू म्हणेल तर आपणच त्याला विरोध करू.

मराठी मुलखापुरते बोलावयाचे तर या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा एखाद्या वैद्यकग्रंथात नसून शिवछत्रपतींच्या एका पत्रात आहे. चिपळूणनजीक छावणी केलेल्या लष्कराला इ. स. १६७३-७४ च्या सुमारास लिहिलेले ते पत्र रयतेच्या काळजीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचा बराचसा भाग घोड्यांच्या दाणावैरणीसंबंधी आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा, रातीब आणि गवत आधीच मनमानेल तसे संपवले तर ऐन पावसात घोडी उपासाने मरतील व त्याचा दोष लष्कराच्याच माथी येईल, अशी कडक समज त्यात दिली आहे. शेकोट्या-चिलमींपासून गवताच्या गंजींना आग लागू नये, इतकी बारीक सूचनाही आहे. पागा टिकते ती साठवलेल्या गवतावर आणि मोजून दिलेल्या दाण्यावर, हे त्या राज्यकर्त्याला पक्के ठाऊक होते. आपली वरातीची घोडीही वाळते ती बहुधा पावसाळ्यातच. तेव्हा मिळकत नसते, गवत महाग होते आणि मालक वैरण अर्ध्यावर आणतो. कार्तिकात डबा मागावयास येणारा माणूस वस्तुतः आषाढ-श्रावणातली तूट भरून काढू पाहत असतो.

आता थोडे आपल्या व्यवसायाच्या अंगाविषयी, कारण औषधालयचालक बंधूंना याची झळ अधिक लागू शकते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. त्यामुळे प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध बनवणे व विकणे वैध आहे. परंतु त्याच कायद्यानुसार आयुर्वेदीय स्वामित्व औषधात अधिकृत ग्रंथांतील योगांमध्ये उल्लेखिलेली द्रव्येच असावयास हवीत. बाटलीवर ऋषी शालिहोत्रांचे चित्र, नावात 'अश्व', परवाना आयुर्वेदाचा आणि घटकांत लायसिन हायड्रोक्लोराइड, असा माल कोणी विक्रेता घेऊन आला तर त्याला हे कलम दाखवावे. कृत्रिम लायसिन वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते पशुखाद्य-पूरक म्हणून उघड नावाने विकले जावे. आपल्या परंपरेची झूल त्याच्या पाठीवर कशासाठी?

शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यतींशी संबंधित मंडळी अधूनमधून आपल्या व्यवसायबंधूंकडे 'काही देशी बल्य' विचारतात असे ऐकतो. शर्यतीनंतर घोड्याच्या मूत्राची वा रक्ताची तपासणी होते. कुचल्यातील स्ट्रिक्निन, धोत्र्यातील अ‍ॅट्रोपिन, अफूतील मॉर्फिन ही सर्व तेथे निषिद्ध आहेत. विषतिंदुक असलेली गुटिका पचनासाठी म्हणून दिली तरी सबब चालत नाही. आणि चॉकलेटच्या चवीच्या साध्या प्रथिनाच्या डब्याचेही तसेच. कोकोमधील थिओब्रोमिनसाठी आंतरराष्ट्रीय शर्यत-नियमांत मूत्राच्या दर मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. काही डब्यांत कॅफिनही असते. घोडा अपात्र ठरतो, प्रशिक्षकावर कारवाई होते आणि शेवटी नाव निघते ते औषध देणाऱ्याचे.

राहिला प्रश्न आपण घोडी तपासावी काय, हा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या ३० व्या कलमाने पशुचिकित्सा नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरती राखली आहे आणि आपली नोंदणी मनुष्यचिकित्सेसाठी आहे. जुना 'शालोत्री' हा घोड्यांचाच वैद्य असे. आपण त्याचे वारस आहोत असे भाषणांतून म्हणणे सोपे, परंतु त्याने घोड्याच्या तोंडात हात घालून दात पाहिले होते. दाढांच्या कडा धारदार झाल्या की घोडी घास अर्धवट चावून टाकून देते. पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही. या दोन कारणांनी वाळलेल्या घोडीला जगातले कोणतेही पूरक पुष्ट करणार नाही, आणि ही दोन्ही कामे पशुवैद्याची आहेत.

म्हणून गल्ल्यावर बसणाऱ्या बंधूंनी डबा काढण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. दात कधी पाहिले, जंताचे औषध कधी झाले, दिवसाला गवत किती किलो घालता आणि पाणी किती वेळा दाखवता. तिसऱ्या प्रश्नाला बहुधा 'पेंढ्या' असे उत्तर येते, किलो कोणी सांगत नाही. तेव्हा एक पेंढी तागडीवर ठेवून पाहावयास सांगावे. कित्येकदा सात किलोंच्या ठिकाणी तीनच भरतात, आणि मग प्रथिनांची चर्चा तेथेच संपते.

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे व आपल्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. संघटनेच्या शाखेने येत्या तुळशीविवाहापूर्वी तेथील एखाद्या अध्यापकास निमंत्रित करून वरातीच्या घोड्या बाळगणाऱ्यांसाठी मराठी-हिंदीत एक दुपार ठेवावी, आणि औषधविक्रेत्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांना तेथे पाठवावे, असा प्रस्ताव मी पुढील सभेपुढे मांडणार आहे. सभागृह नसले तरी चालेल. काशीमिऱ्याच्या एखाद्या तबेल्यातच ते करता येईल, म्हणजे घोड्याही समोर असतील.